वेळ सोयीची आहे

१२ जानेवारी, सोमवार

पाळणाघर सुरू झालं. म्हणजे कुलूप उघडलं, उदबत्ती लावली, नारळ फोडला आणि गोजराबाईंनी खोबऱ्याचे तुकडे केले. खायला आम्ही दोघीच होतो.

जागा छान आहे. नाशिकला मखमलाबादच्या पुढे पिंपळमळा म्हणून वस्ती आहे, चारी बाजूंनी शेवंती आणि झेंडू. तिथल्या समाजमंदिराची खोली सरकारी योजनेतून रंगवून घेतली आहे. भिंतीवर बदकं काढली आहेत, त्यातल्या एकाला डोळा काढायचा राहून गेलाय. पंचवीस गाद्या, पंचवीस वाट्या, झोपाळा, खेळणी. मळ्यात काम करणाऱ्या आयांनी मूल आणून सोडायचं, आम्ही सांभाळायचं, खिचडी-दूध द्यायचं. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेपाच, आणि सगळं फुकट. याला कोण नाही म्हणेल?

सोमनाथ सरांनी नवा फोन दिला. ही योजना आमच्या संस्थेकडे आहे आणि सर तिचे समन्वयक. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, पण सर ते सर. फोनमध्ये एक ॲप आहे. रोज साडेनऊ ते सव्वादहा या वेळात प्रत्येक मुलाच्या चेहऱ्याचा फोटो काढायचा. सव्वादहाला ॲप आपोआप बंद होतं. मार्चअखेर सरासरी पंधरा मुलं दिसली नाहीत तर केंद्र बंद.

"आणि केंद्र बंद म्हणजे तुम्हीही बंद, मॅडम," असं सर हसत म्हणाले. मीही हसले. अकरा वर्षं ज्या बालवाडीत शिकवलं ती गेल्या जूनमध्ये बंद पडली. यांच्या अंबडच्या कंपनीत आठवड्याला चारच दिवस काम राहिलंय. हसले खरी, पण घरी येईपर्यंत मार्चअखेरचे दिवस मोजत होते.

१६ जानेवारी

सोमवारी शून्य, मंगळवारी शून्य, बुधवारी संक्रांत, काल एक. ते एक म्हणजे गोजराबाईंचा नातू. आज तोही आला नाही, त्याला सर्दी झालीय.

गोजराबाई याच वस्तीतल्या, माझ्या मदतनीस. साठीच्या आहेत, कामाला वाघ, फक्त बोलायला फार. आज म्हणाल्या, "म्याडम, साडेनऊला काय उपेग? तवर तर समदं उरकल्यालं असतं." मी म्हटलं, बाई, उरकलेलं असतं म्हणूनच तर मूल आणून सोडायला सवड मिळते! त्यावर त्या वाट्या पुसायला लागल्या. वाट्या आधीच पुसलेल्या होत्या.

मग मी घरोघर जायचं ठरवलं. पहिलं घर उज्वलाचं. पंचविशीची असेल, दुसऱ्यांच्या मळ्यात फुलं तोडायला जाते. मी गेले तेव्हा सव्वानऊ झाले होते, ती ओट्यावर भाकरी थापत होती आणि तिची अडीच वर्षांची आरोही तिच्या पाठीला टेकून पेंगत होती. सकाळी सव्वानऊला पेंगणारं मूल! या मुलांना झोपेची शिस्त म्हणून नाही.

"ताई, आता मी घरीच हाय की," उज्वला म्हणाली. "आता कशाला सोडू तिला?"

घेतलं ऐकून. घरी आहे म्हणून सोडायचं नाही, आणि कामाला जाते तेव्हा म्हणे बरोबर नेते. नक्की हवंय काय यांना?

परत येताना फुलांचा पिकअप रिकामे क्रेट खडखडवत आडवा आला. रोज याच वेळी बाजारातून परततो आणि रोज माझ्या साडीवर धूळ उडवतो.

२१ जानेवारी

हळदीकुंकू ठेवलं! ही कल्पना माझी. बायका घराबाहेर काढायला यापरता मार्ग नाही. वाण म्हणून मसाल्याचे डबे आणले, पदरचे पैसे घालून. दुपारी चारला एकतीस बायका आल्या आणि त्यांच्याबरोबर बावीस मुलं. झोपाळ्यावर झुंबड उडाली. डोळे भरून आले माझे. आरोही बदकाच्या न काढलेल्या डोळ्यावर बोट ठेवून उभी होती, हलायला तयार नाही.

कुसाबाई म्हणून वस्तीतल्या जाणत्या बाई आहेत, त्यांचा स्वतःचा मळा आहे. त्या म्हणाल्या, "चारला ठेवलं ते लय बेस केलं. सकाळचं ठेवलं असतं तर कोण आलं असतं?" ऐकून फार बरं वाटलं. आपल्या नियोजनाचं कोणी कौतुक करत नाही सहसा.

बावीस मुलांचे फोटो काढायला गेले तर ॲप म्हणालं, वेळ संपली आहे.

२३ जानेवारी

काल दोन, आज दोन. वाणाचे डबे सगळ्यांच्या ओट्यावर दिसतात.

फ्लेक्स लावला: "आई कामावर, बाळ आरामात." सरांना फोटो पाठवला, त्यांनी अंगठा पाठवला.

३ फेब्रुवारी

सरांचा फोन. अकरा तारखेला मुंबईहून मॅडम तपासणीला येणार. बरोब्बर आठ दिवस.

मी म्हटलं, सर, सरासरी दोनसुद्धा नाही. मग म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी मुलं दिसली पाहिजेत. कशी ते मी विचारणार नाही."

जेवण गेलं नाही. यांना सांगितलं तर हे म्हणाले, जे आहे ते दाखव. नोकरी माझी आहे, यांना बोलायला काय जातं? नंतर वाटलं, यांचीही नोकरी तशीच टांगलेली आहे. उगाच फटकारलं.

५ फेब्रुवारी

छायाकडे गेले होते. पलीकडच्या वस्तीत अंगणवाडी सेविका आहे, बारा वर्षं झाली तिला. तिच्याकडे रोज वीस-बावीस मुलं नियमित असतात. मी लाजत लाजत विषय काढला, तर ती एवढीशीही दचकली नाही.

"किती पाहिजेत?" तिने विचारलं, वाटीभर साखर मागितल्यासारखं. "गेल्या वर्षी माझी तपासणी होती तेव्हा मी शाळेतून आणली होती. माझी पुन्हा आली की तू दे."

मी म्हटलं, माझ्याकडे कुठली गं. तर म्हणाली, तोपर्यंत होतील.

सोळा ठरली. यात कोणाचं नुकसान आहे? मुलं एक दिवस झोपाळ्यावर बसतील, दूध पितील. केंद्र टिकलं तर पुढे खरी मुलं येतीलच. बंद पडलं तर येणार कुठे?

११ फेब्रुवारी, बुधवार

पार पडलं.

छायाची सोळा आणि आमची दोन, अठरा. सव्वादहाच्या आत फोटो झाले. एका मुलाने "मला अंगणवाडीत जायचंय" म्हणून भोकाड पसरलं. मी त्याला खिडकीशी नेऊन बिस्किटाचा अख्खा पुडा दिला. छाया पाहुणी म्हणून कोपऱ्यात बसली होती. पोरं सारखी तिच्याकडेच बघत होती, म्हणून तिला बाहेर पिंपळाखाली पाठवलं.

मुंबईच्या मॅडम अकराला आल्या. मला वाटलं होतं कडक असतील. तशा नव्हत्या. दमलेल्या होत्या, चप्पल बाहेर काढून मुलांमध्ये खाली बसल्या. सगळं बघून झाल्यावर त्यांनी पेन काढलं आणि म्हणाल्या, "ही पहिलीच वीस केंद्रं आहेत. आम्ही मुंबईत बसून आखलंय, चुकलं असेल. आत्ता सांगाल ते बदलता येईल. वेळ बरोबर आहे का? साडेनऊ या बायकांना सोयीचं आहे?"

गोजराबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "म्याडम, त्याचं असं हाय..."

मी म्हटलं, गोजराबाई, चहा टाका ना, मॅडमना निघायचंय. त्यांना अवेळी काहीतरी काढायची खोडच आहे. समोर अठरा मुलं बसलेली असताना वेळ गैरसोयीची म्हटलं असतं, तर मॅडमनी विचारलंच असतं की मग ही आली कशी?

"अगदी सोयीची आहे, मॅडम," मी म्हणाले. त्यांनी तसं लिहिलं, खाली माझी सही घेतली. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, बाकी ठिकाणी निराशाच दिसली, तुमच्याकडे येऊन बरं वाटलं.

त्या हात धरून उभ्या होत्या तेव्हा मला त्यांच्या डोळ्यांत बघवेना. असो. सरांनी पेढे पाठवलेत.

२० फेब्रुवारी

सकाळी गेले तर केंद्रासमोर बायका जमलेल्या. आरोही शेततळ्यात पडली होती.

जिवंत आहे. आधी ते लिहिते. जिवंत आहे, दवाखान्यातून घरी आली, तिने दूध घेतलं.

पहाटे सहाला पडली. कुसाबाईंचा पुतण्या काळू मोटर चालू करायला आला होता, त्याला बॅटरीच्या उजेडात पाण्यात लाल स्वेटर दिसला. शेततळ्याचं प्लास्टिक किती निसरडं असतं, माणूस उतरला तरी वर येता येत नाही. तो दोराला धरून उतरला आणि तिला ओढून काढलं.

मी उज्वलाला विचारलं, सहा वाजता, अंधारात, एवढी पोर तिथे करत काय होती?

"बांधली व्हती," ती म्हणाली. "पेरूच्या झाडाला लुगड्यानं बांधली व्हती. गाठ सुटली."

बांधली होती म्हणजे काय ते मला आधी कळेचना. मग गोजराबाईंनी सांगितलं. फूल उन्हाच्या आत तोडावं लागतं, नाहीतर मलूल पडतं. पिकअप साडेसहाला बाजारात पोचला पाहिजे. म्हणून बाया साडेचारलाच डोक्याला बॅटऱ्या लावून वाफ्यात उतरतात. सासवा, नणंदा, सगळ्याच. मग पोरं बांधावर न्यायची आणि झाडाला बांधायची, म्हणजे तळ्याकडे जात नाहीत. पिकअप भरला की उरलेली तोड, निवड, आणि आठ-साडेआठला सगळ्या घरी. मग दुपारभर घरचंच काम.

मी उज्वलाला म्हटलं, अगं, माझ्याकडे आणून सोडायचीस!

ती माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने केंद्राच्या दाराकडे पाहिलं आणि म्हणाली, "ताई, त्या टायमाला तुमचं कुलूप असतंय."

केंद्र ते शेततळं मी आज चालून पाहिलं. एकशे दहा पावलं.

२१ फेब्रुवारी

पहाटे पावणेपाचला मळ्यात गेले, बघितल्याशिवाय राहवेना. अंधारात बॅटऱ्या हलताना दिसत होत्या. बांधावर मी आठ मुलं मोजली, पाच बांधलेली. थंडीने कुडकुडत होती. एक रांगणारं पोर दोरीच्या टोकापर्यंत जायचं, अडकायचं, परत फिरायचं. रडतसुद्धा नव्हतं, त्याला सवय होती.

गोजराबाईंना म्हटलं, तुम्ही मला स्पष्ट का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, "किती येळा सांगू? तुमी फ्लेक्स लावत हुत्या."

परवाच वेळ बदलून मिळावी म्हणून अर्ज देणार. सकाळी साडेचार ते नऊ. मॅडम म्हणाल्याच होत्या, बदलता येईल.

२४ फेब्रुवारी

अर्ज काल दिला. उत्तराची वाट बघत बसण्यात अर्थ नाही, आजपासून पहाटे उघडलं. पहाटे साडेतीनला उठून नाशिक रोडहून गाडीवर निघाले. द्वारका चौक पार करायला दिवसा वीस मिनिटं लागतात, आज चौकात एक कुत्रं आणि मी. हे सोडायला येतो म्हणत होते, मी नको म्हटलं, त्यांची सकाळची पाळी असते.

नऊ मुलं आली! कोणी झोपलेलीच खांद्यावर आली, तशीच गाद्यांवर घातली. गोजराबाईंनी दूध तापवलं. सहा वाजता खोलीत नऊ मुलांच्या श्वासाचा आवाज येत होता. अकरा वर्षांच्या नोकरीत मला एवढं शांत कधी वाटलं नव्हतं.

आरोही नाही आली. उज्वला तिला पाठीला बांधून फुलं तोडते आता.

२ मार्च

सतरा मुलं. आज आरोहीपण. उज्वलाने दारात तिचा हात माझ्या हातात दिला आणि वाफ्याकडे वळली.

पण साडेआठपर्यंत सगळी घरी जातात. साडेनऊला ॲप उघडतं तेव्हा मी, गोजराबाई आणि बदकं. ॲपच्या हिशेबात फेब्रुवारी वाया गेला, मार्चची सुरुवात शून्याने. बायांना विनवलं, साडेनऊला फोटोपुरती एकदा आणा. बिचाऱ्यांनी तीन दिवस आणली. आंघोळ घालून, पावडर लावून, पेंगत. चौथ्या दिवशी कुसाबाईच म्हणाल्या, "ताई, तुमाला पोरं सांबाळायची हायेत का फोटो?"

सरांना अर्जाचं विचारलं. वर गेलाय, म्हणाले. पहाटे उघडते हे त्यांना सांगितलेलं नाही. वेळेबाहेर एखाद्या मुलाला काही झालं तर विमा नाही, जबाबदारी माझी एकटीची. कोणी जरा जोरात खोकलं तरी उठून कपाळाला हात लावून बघते.

१३ मार्च

उत्तर आलं. आधी ते इथे उतरवून घेते:

"दिनांक ११ फेब्रुवारीच्या तपासणी अहवालानुसार सदर केंद्रात १८ बालके प्रत्यक्ष उपस्थित होती, तसेच विद्यमान वेळ लाभार्थ्यांस सोयीची असल्याचे केंद्रप्रमुखांनी स्वतः नमूद केले आहे. सबब वेळेत बदलाची आवश्यकता दिसून येत नाही."

सोबत अहवालाची प्रत. खाली माझी सही, चांगली वळणदार.

सरकारला शिव्या द्यायला मी तोंड उघडलं होतं. कोणाला देऊ? बाईने विचारलं होतं. चप्पल काढून, खाली बसून, पेन हातात धरून विचारलं होतं.

गोजराबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हंजी आपलीच पोरं आपल्याला आडवी आली." मग जरा थांबून, "आपली तरी कुठं, छायाची."

१६ मार्च

दुसरं पत्र. केंद्र ठरल्या वेळेआधी उघडलं जात असल्याचं कानावर आलंय, असं करू नये. आजपासून किल्ली संध्याकाळी ग्रामपंचायतीत जमा करायची आणि सकाळी नऊ वाजता सही करून घ्यायची.

पाडवा तीन दिवसांवर आलाय. झेंडूची वर्षातली मोठी तोड. बाया आता तीनलाच उतरणार आणि मला किल्ली नऊला मिळणार. किल्ली देताना माझा हात पुढे होईना. शिपाई म्हणाला, बाई, सोडा की.

१८ मार्च

किल्ली नाही तर नाही. पहाटे घरूनच दोन सतरंज्या आणि थर्मास घेऊन गेले. शेततळ्यापासून लांब, पेरूच्या झाडाखाली बसलो. मी, गोजराबाई आणि एकवीस मुलं. कुसाबाईंनी मोटरच्या खांबावरून बल्ब ओढून दिला. कोणालाही बांधलं नाही. गोजराबाई तळ्याच्या बाजूला काठी घेऊन बसल्या होत्या, पोरांना नाही, तळ्यालाच धाक घालायला बसल्यासारख्या.

नऊला ग्रामपंचायतीतून सही करून किल्ली घेतली, केंद्र उघडलं, पंचवीस गाद्या घातल्या. सव्वादहापर्यंत बसले. ॲपमध्ये शून्य भरलं.

हसूही येतं आणि रडूही. जिथे मुलं आहेत तिथे पाळणाघर नाही, आणि पाळणाघर आहे तिथे मूल नाही.

२० मार्च

खरं काय ते लिहून टाकायचं ठरवलं. अकरा तारखेची मुलं आमची नव्हती, वेळ चुकीची आहे, मी खोटं सांगितलं. आधी छायाला सांगायला गेले.

ती चपापली. "सोळा मुलं एकदम कुठून येतात, साधना? आंधळ्यालाही कळेल. बारा वर्षं झाली मला. नवरा नाही माझ्या पाठीशी." शेवटी म्हणाली, "पोरगी वाचली ना? मग लिही. फक्त अंगणवाडी हा शब्द घालू नको."

"बाहेरून आणली होती" असं लिहिलं. पत्र मॅडमच्या नावे, सरांच्या हातून पाठवायचं, तशीच पद्धत आहे. टाकलं आणि मोकळं वाटलं. तासाभराने पुन्हा भीती वाटायला लागली.

२४ मार्च

सरांचा फोन. मी उभी राहूनच घेतला.

"मॅडम, तुमचं पत्र माझ्याकडेच आहे. पुढे पाठवलं नाही." का म्हणून विचारलं. "वीसपैकी एकच केंद्र चांगलं चाललंय असा अहवाल गेलाय, तुमचं. त्यावर चाळीस नवीन मंजूर झालीत. जिल्हाभर, त्याच वेळेची. एकतीसच्या आत निधी खर्च झाला नाही तर परत जातो. आता हे पत्र मी कुणाच्या टेबलावर ठेवू?"

मी म्हटलं, सर, मग त्या चाळीस गावांतही पोरं झाडालाच बांधलेली राहतील. ते म्हणाले, "कदाचित त्यांच्याकडे फुलं नसतील." मग आवाज बदलून, "तुमचं केंद्र बंद होणार नाही, सरासरीचं मी बघतो. सोमवारी नवीन केंद्रप्रमुखांचं प्रशिक्षण आहे, तुम्ही अनुभव सांगायचा. दहा मिनिटं."

म्हणजे नोकरी राहिली. दोन महिने जिवाला घोर लावला होता तो हाच. यांना सांगितलं, यांनी विचारलं, मग तुझा चेहरा असा का?

दहा मिनिटं मिळताहेत. पत्र अडवलं, तोंड कसं अडवणार?

३० मार्च, सोमवार

आत्ताच घरी आले. जसं झालं तसं लिहिते.

हॉल भरलेला होता. पेठ, सुरगाणा, दिंडोरी, निफाड, सिन्नर, सगळीकडच्या चाळीस जणी. बहुतेक माझ्यासारख्याच, शहरातून नाहीतर तालुक्याच्या गावातून जाऊन-येऊन करणाऱ्या. नव्या साड्या, मांडीवर नव्या वह्या, नवे फोन. सरांनी ओळख करून दिली, उत्कृष्ट केंद्र म्हणून. पहिल्या रांगेत बसून ते माझ्याकडे बघून मान हलवत होते.

मी आधी विचारलं, तुमच्या गावच्या बाया सकाळी किती वाजता कामाला बाहेर पडतात? कोणाला सांगता येईना. एक म्हणाली, नऊ-साडेनऊ असेल ना? दुसरी म्हणाली, ते सर्वेक्षणात असेल. मला त्यांचा राग आला नाही. मी कोण राग धरणारी?

मग मी सगळं सांगितलं. आरोही, लुगडं, गाठ, एकशे दहा पावलं. सांगितलं की मुंबईच्या मॅडमनी मला सरळ विचारलं होतं, आणि त्या दिवशी खोलीत बसलेली अठरापैकी सोळा मुलं मी दुसरीकडून आणली होती. वेळ सोयीची आहे असं मी सही करून दिलं, म्हणून ती आता बदलत नाही. मध्ये कुठे थांबले नाही. सरांनी मान खाली घातली होती. म्हटलं, बायांनो, पहिल्यांदा पहाटे जाऊन बघा, मग कुलूप उघडा.

संपलं. टाळ्या नाहीत, कुजबुजसुद्धा नाही. मला वाटलं, पोचलं. एकीच्या जरी मनात राहिलं तरी एका गावची पोरं सुटतील.

दुसऱ्या रांगेतल्या एका बाईने हात वर केला. साधी, गरीब चेहऱ्याची, चिंतेत पडलेली. मी सांगत होते तेव्हा तिची वही मिटलेली होती. आता ती तिने उघडली, पेनाचं टोपण काढलं.

"ताई," तिने विचारलं, "तपासणीला येणार हे आधी किती दिवस कळवतात?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "आठ दिवस."

चाळीसच्या चाळीस जणींनी ते लिहून घेतलं.